अकरा मिनिटं, चाळीस सेकंद

दुर्गजवळच्या रिसालीतल्या त्या घरात राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शेंगदाण्याची चटणी वाटत होते, तर घरमालक धापा टाकत जिना चढून वर आले आणि त्यांनी माझ्या मिक्सरच्या गळ्यात एक लाल टॅग अडकवला. जाड पुठ्ठ्याचा, तळहाताएवढा, वर भोक पाडून सुतळी ओवलेली. 'खतरा. काम चालू है. हाथ न लगाएँ.' खाली सही आणि वेळ.

"बंद कर पहिले," ते म्हणाले. "खाली काम चालू आहे."

"कसलं काम, काका?"

"एका पोरीचं लगन कन्व्हर्ट होऊन राहिलं. व्होल्टेज पडलं का अख्खा मंडप जाते."

चटणी अर्धी वाटलेली, मी नुसती ओट्याशी उभी, आणि खाली कॉम्प्युटरवर कुठल्या तरी अनोळखी मुलीचं लग्न एका फॉर्मॅटमधून दुसऱ्या फॉर्मॅटमध्ये जात होतं. तासाभराने ते पुन्हा वर आले, टॅग स्वतःच्या हाताने काढला आणि "आता वाट" म्हणून निघून गेले. त्या घरात माझी पाच वर्षं गेली. चटणी मी फार वेळा अर्धवट जाडीभरडीच खाल्ली.

काका स्टील प्लांटातून रिटायर झालेले. तिथे ते कंट्रोल रूममध्ये होते, म्हणजे काचेमागे बसून काटे बघायचे. आयुष्यभर भट्टीच्या इतक्या जवळ राहिलेला माणूस, पण भट्टीच्या तोंडाशी ते चार-दोन वेळाच गेले असतील. "काटा बरोबर तर माल बरोबर" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. घरी येतानाही त्यांनी सगळा प्लांट सोबत आणला होता. कुठलंही काम करायचं तर आधी परमिट. परमिट म्हणजे शाळेच्या वहीचा चौकोनी तुकडा. त्यावर काम काय, सुरू कधी, हात कोण लावणार. मग टॅग. आणि ज्याने टॅग टांगला त्यानेच तो काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. प्लांटात या एका नियमावर माणसांचे जीव अवलंबून असतात, हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात तीनदा सांगितलं.

रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, काकांनी कॉम्प्युटर घेतला. इंटरनेटवर फुकट मिळणारा एक प्लेअर कुणीतरी त्यात टाकून दिला. लोक अशा प्लेअरवर सिनेमे बघतात. काकांनी त्याच्या मेनूत शिरून बघितलं, तर तो नुसता वाजवत नव्हता, तो फायली बदलूनही द्यायचा. कॅमेऱ्याची फाइल टीव्हीवर चालेल अशी करायची, आडवा झालेला व्हिडिओ उभा करायचा, पुढचं-मागचं फालतू छाटायचं, मागे पडलेला आवाज ओठांशी जुळवायचा. हे सगळं काका फुकटात करून द्यायचे. कॅम्प-१ च्या वस्तीपासून माणसं यायची, हातात लग्नाची सीडी, बारशाची सीडी, फार झालं तर सोबत चिवड्याची पुडी.

एकदा कॅम्पातला एक दुकानदार आला. भावाशी भांडण झालेलं. त्याला स्वतःच्या लग्नाच्या व्हिडिओतून भाऊ काढून टाकायचा होता.

"आगे से काटूँगा, पीछे से काटूँगा," काका म्हणाले. "बीच में से नहीं काटता."

"अरे अंकल, दो मिनट का तो है. कट मारो, जोड़ दो."

"बीच में आदमी है."

तो चिडून निघून गेला. काका दिवसभर अस्वस्थ होते. संध्याकाळी मला म्हणाले, "एक बटन दाबलं का माणूस जाते, मॅडम. अन् बटन दाबणाऱ्याले लागतही नाही." मी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे म्हणून ते मला मॅडम म्हणत. त्यात आदर किती आणि टिंगल किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

खरं सांगायचं तर त्यांचं सगळं वागणं भीतीवर चाललेलं होतं. वीज जाईल ही भीती, उंदीर वायर कुरतडेल ही भीती, सीपीयूत मुंग्या जातील ही भीती. आणि सगळ्यात मोठी, फॉर्मॅट मरेल ही भीती. "फॉर्मॅट रिटायर होते. माणसावानी. आज चालते, उद्या कोणी वळखत नाही." ती भीती एका फाइलपायी होती.

ती फाइल काकूंची. प्लांटचं क्वार्टर सोडून ही मंडळी रिसालीच्या नव्या घरात आली, त्या आठवड्यात दुर्गच्या मोहन नगरातून त्यांचा पुतण्या नवा कॅमेरा घेऊन आला होता. काकू नव्या स्वयंपाकघरात वावरत होत्या, तोंडाने अखंड बोलत होत्या, आणि त्याने ते सगळं टिपलं. अकरा मिनिटं, चाळीस सेकंद. त्याच वर्षी काकू गेल्या. घरात त्यांचा एकही फोटो भिंतीवर नव्हता. काकांना चेहरा बघवत नसे. ती फाइल त्यांनी एकदाही लावून बघितली नव्हती. पण टीव्ही बदलला, कुणी नवा फॉर्मॅट सांगितला, की ते ती नव्याने कन्व्हर्ट करत. कन्व्हर्ट करताना त्या प्लेअरवर चित्र दिसत नाही, नुसता काटा डावीकडून उजवीकडे सरकतो. काकांना तेच सोयीचं होतं. काटा सरकत शेवटाला गेला, जुन्या-नव्या दोन्हींची लांबी अकरा-चाळीस भरली, की लॉगबुकात 'बरोबर' असं लिहून सही. मग जुनी फाइल पुसायची. कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा.

"काका, एक कॉपी तरी ठेवा," मी एकदा म्हटलं होतं.

"एका पाइपाले दोन काटे लावले का माणूस आपल्या मनासारखा काटा पाहाते. एकच ठेवायचा, अन् त्याले जपायचं."

कॉम्प्युटर शिकवणारी बाई मी. तेव्हाच त्यांचं न ऐकता पेनड्राइव्हवर एक कॉपी उतरवून घ्यायला हवी होती. पण त्यांच्या बोलण्यात असा ठामपणा असे की समोरच्याला आपलंच चुकतंय असं वाटायचं.

मग तो शनिवार. काकांना मोतीबिंदूच्या तपासणीला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. नवा टीव्ही आला होता आणि काकूंची फाइल त्यावर चालणार नाही असं टीव्हीचा दुकानदार बोलून गेला होता. काकांना धीर धरवेना. डोळ्यांत औषध घातल्यावर दोन दिवस स्क्रीन बघता येणार नाही म्हणून त्यांनी परमिट माझ्या नावावर केलं. हे फार मोठं होतं. त्यांनी दुसऱ्या कुणाला आपल्या टॅगवर सही करू दिलेली मी कधी पाहिली नव्हती.

"तुले येते. मले मालूम आहे," ते म्हणाले. "फक्त घाई नको करू."

सकाळी मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर शाळेचं एक काम केलं होतं. गॅदरिंगमधल्या कवायतीच्या व्हिडिओला नंतर गाणं जोडायचं होतं, म्हणून मैदानातला कालवा काढून टाकला होता. त्यासाठी प्लेअरच्या सेटिंगमध्ये एक बारीक खूण असते, ऑडिओच्या पुढची. ती मी काढली होती. परत लावली नाही. इतकंच. त्याच सेटिंगवर मी काकूंची फाइल सोडली, काटा शेवटाला गेला, लांबी अकरा-चाळीस भरली. मी लॉगबुकात 'बरोबर' लिहिलं, सही केली, जुनी फाइल पुसली, डबा रिकामा केला, टॅग काढला. आणि वर जाऊन निवांत चटणी वाटली.

दीड महिन्याने एका दुपारी काका बाजारात गेले होते. मी खाली शाळेची प्रिंट काढायला बसले होते. काकू कशा दिसत होत्या हे मला पाहायचं होतं. पाच वर्षांतला तो एक दुपारचा चोरटेपणा. मी फाइल लावली.

ठेंगणी, गोरी बाई. पदर खोचलेला. पोळपाटाशी उभी. तोंड चाललेलं, हात चाललेले, मध्येच मागे बघून हसणं. आणि आवाज नाही. मी स्पीकर तपासले. वायर काढून परत लावली. दुसरी फाइल लावली, तिचा बँडबाजा खणखणीत वाजला. परत काकूंची लावली. ओठ हलत होते. सेटिंग उघडलं आणि ती रिकामी चौकट दिसली तेव्हा माझे हातपाय गार पडले.  बाहेर फाटकाची कडी वाजली आणि मी एवढी दचकले की खुर्ची मागे आपटली. काका पिशवी घेऊन आत आले.

"काय झालं, मॅडम? भूत पाहिलं का?"

"काही नाही. प्रिंट नाही निघत."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. शाळेत कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला, नाव न सांगता, विचारलं. तो म्हणाला, पुसल्यावर त्या जागेवर दुसरं काही भरलं नसेल तर मिळेल. काकांनी दीड महिन्यात त्या जागेवर चौदा लग्नं भरली होती. एका रविवारी मी दुर्गला गेले, मोहन नगरात पुतण्याचं घर शोधलं. काकांसाठी जुन्या आठवणी गोळा करतेय अशी थाप मारली. मूळ कॅसेट त्याच्याकडे होती. तिच्यावर त्याच्या मुलाचं बारसं भरलेलं होतं. सीडीसुद्धा त्याने काकांना दिली तेवढी एकच, आणि ती बुरशी येऊन केव्हाच गेलेली. मग मी रडायलाच लागले आणि सगळं सांगून टाकलं.

"अवो ताई, तुमी कायले घाबरता," तो म्हणाला. "काका वो देखते ही नहीं. उनको मालूमच नाही पडणार. चुप राहा."

मी चूप राहिले. त्याचं म्हणणं पटलं म्हणून नाही, भीतीने. जिन्यावर काकांचं पाऊल वाजलं की मी मिक्सर बंद करायचे. 'मॅडम' अशी हाक आली की वाटायचं, आलं. आणि ते येऊन विचारायचे, टाकी भरली का. खोली सोडून जावं असंही मनात आलं. दुसऱ्या दोन खोल्या पाहूनही आले. पण मी गेल्यावर कधीतरी त्यांना कळणार, लॉगबुकात माझी सही सापडणार, आणि मी पळाले हेही कळणार. म्हणून राहिले. हा काही धीटपणा नव्हता.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी सुटली, आणि एका सोमवारी काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. हातात परमिटाचा कागद.

"बुधवारी तिची तिथी आहे," ते म्हणाले. "ऑपरेशनच्या टेबलावर पडलो होतो नं, तवा वाटलं, आपून असेच जाऊन राहिलो. तिचा आवाज आठवून पाहिला, तर आठवेच ना. चेहरा आठवते. आवाज नाही. तवा ठरवलं."

"काय ठरवलं, काका?"

"तू फाइल लाव. मी भिंतीकडे तोंड करून बसतो. पाहाणं माझ्यानं होत नाही. मले नुसतं ऐकायचं आहे."

मी हो म्हटलं.  दार लावून घेतलं आणि तिथेच फरशीवर बसले. नुसतं ऐकायचं होतं त्यांना. नेमकं तेच मी घालवलं होतं. ते दोन दिवस अन्न गेलं नाही. शाळेत फळ्यावर काय लिहीत होते ते पोरांनाच ठाऊक.

बुधवारी दुपारी मी खाली गेले तेव्हा काकांनी सगळी तयारी केली होती. फ्रिजवर टॅग, पंपाच्या खटक्यावर टॅग. पंखासुद्धा बंद, आवाज स्वच्छ यावा म्हणून. त्या उकाड्यात ते धुतलेला पांढरा शर्ट घालून खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते, हात मांडीवर. मला त्यांची पाठ दिसत होती आणि मानेवरचे नुकतेच कापलेले केस.

"लाव."

मी लावली. काकू स्क्रीनवर आल्या. ओठ हलू लागले. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाशिवाय काही वाजत नव्हतं.

"लावलं का?"

"लावलं."

ते थांबले. मान किंचित तिरपी केली. 

"आवाज वाढव थोडा."

मी वाढवला. काही उपयोग नाही हे माहीत असूनही वाढवला. मिनिट गेलं असेल. त्यांची पाठ तशीच ताठ, वाट बघणारी. ती पाठ मला बघवेना.

"काका," मी म्हटलं, "आवाज नाही त्यात. माझ्या हातून गेला. त्या शनिवारी. मी खूण लावायची विसरले, आणि जुनी पुसून टाकली. मला चार महिन्यांपासून माहीत आहे."

ते हलले नाहीत. ओरडतील, हाकलून देतील, छातीत कळ येऊन पडतील, सगळं माझ्या डोळ्यांसमोर येऊन गेलं. मग खुर्चीचा पाय फरशीवर घासला. ते वळले. माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे. नव्या डोळ्यांनी त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि पाहातच राहिले. फाइल संपली.

"परत लाव," ते म्हणाले.

मी परत लावली. तिसऱ्यांदा लावली. तेव्हा ते पुटपुटले, "लसूण म्हणून राहिली. लसूण कावून नाही आणला, असं."  फाइल संपल्यावर म्हणाले, "लॉगबुक आण."

आणलं. त्यांनी तो शनिवार काढला. माझा 'बरोबर' तिथे होता, सहीसकट. पेन माझ्या हातात दिलं. "खरं लिह." मी लिहिलं, 'आवाज गेला. माझ्या हातून.' अक्षर मला ओळखू येणार नाही असं आलं. मग त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या ओळीखाली स्वतः लिहिलं, 'काटा पाहिला. माल पाहिला नाही.' सही केली. माझ्याशी ते आठ दिवस बोलले नाहीत. मी रोज दार वाजायची वाट बघत होते, खोली खाली कर म्हणून सांगतील अशी.

नवव्या दिवशी दार वाजलं. हातात परमिट होतं.

"त्या प्लेअरात वरून दुसरा आवाज लावता येते नं?"

"येतो, काका."

"मंग लिह तुझं नाव. दोघांचं लिह."

पुढचे दोन आठवडे रोज दुपारी आम्ही बसत होतो. काका स्क्रीनकडे बघत, काकूंचे ओठ वाचत, आणि माइकमध्ये काकूंचं बोलत. आयुष्यभर ऐकलेली बाई होती, ओठ हलले की त्यांना वाक्य कळायचं. एखाद्या जागी दहा-दहा वेळा मागे जायला लावायचे. एकदा थांबून म्हणाले, "इथं तिनं मले बैताड म्हटलं. म्हणजे येडपट. म्हणू का?"

"म्हणा की."

"पुतण्यासमोर म्हटलं होतं," असं म्हणून त्यांनी ते दोनदा म्हटलं, पहिलं नीट आलं नव्हतं म्हणून. तेव्हा आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो.

नवव्या मिनिटाला काकू शेगडीकडे वळतात आणि कॅमेऱ्याकडे त्यांची पाठ होते. चाळीस सेकंद. मी म्हटलं, इथे काहीतरी बोला, अंदाजाने. त्यांनी मान हलवली.

"जे दिसत नाही ते मी नाही बोलणार."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी रायपूरला असते. ती फाइल माझ्याकडे आहे, तीन ठिकाणी, तीन कॉपी. त्यांना आवडलं नसतं. मागच्या महिन्यात नवा फोन घेतला आणि फाइल त्यावर चालेना, तेव्हा मला पुन्हा ती कन्व्हर्ट करावी लागली. मी मिक्सरला लाल टॅग लावला. नवरा हसला, हसू दे. ऑडिओच्या पुढची खूण मी सहा वेळा पाहिली. काटा शेवटाला गेल्यावर 'बरोबर' लिहिलं नाही. आधी हेडफोन लावून सगळी ऐकली.

एका म्हाताऱ्या पुरुषाचा घोगरा आवाज एका बाईच्या तोंडून बोलतो, लसूण मागतो, बैताड म्हणतो. मग नववं मिनिट येतं, काकू पाठ करतात आणि आवाज थांबतो. त्या चाळीस सेकंदांत दर वेळी माझे हात गार पडतात. मला माहीत असतं की ही जागा मोकळीच आहे, तरी वाटतं, गेला, परत माझ्या हातून गेला. मी श्वास धरून स्क्रीनकडे बघत राहते. मग काकू वळतात, थेट कॅमेऱ्यात बघतात, आणि काकांचा आवाज येतो:

"पाहून काय राहिले? ठेवा ते, अन् जेवून घ्या."